बाईंच्या मुठीतलं स्टॉपवॉच

मित्रांनो, किती वाजले हे मला विचारू नका. मला सांगता येत नाही. सकाळ आहे की संध्याकाळ, हे माझ्या तबकडीवर कुठेच लिहिलेलं नाही. जुनं स्टॉपवॉच आहे मी. एकदा बटण दाबलं की धावायचं, पुन्हा दाबलं की थांबायचं, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर यायचं, एवढंच माझं शिक्षण. आणि एवढ्याशा कामातही मी एकदा अशी माती खाल्ली की अजून ते आठवलं तरी माझ्या पोटातलं चक्र अडखळतं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्ही ऐकून घ्याल ना?

माझा जन्म जपानातल्या सुवाच्या तळ्याकाठचा, एकोणीसशे एकसष्ट सालचा. कारखान्याच्या खिडकीतून गोठलेलं तळं दिसायचं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक मुलगी श्वास रोखून चिमट्याने माझी केसाएवढी स्प्रिंग बसवत होती. ती स्प्रिंग म्हणजे माझा जीव. तीन दिवस मला मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून तपासलं आणि चौथ्या दिवशी पुठ्ठ्याच्या पेटीत घालून तोक्योला धाडलं. तिथे नेरिमा स्टेशनाजवळ निवा नावाच्या घड्याळजींचं दुकान होतं. त्यांच्या काचेच्या कपाटात मी जाऊन बसलो. माझ्यासारखी आणखी चार होती. शाळेचे कवायतीचे मास्तर येत आणि एकेकाला घेऊन जात. मीही तसाच कुणा मास्तरांच्या गळ्यात लटकणार, असं मी धरून चाललो होतो.

पण एका दुपारी एक बाई आल्या. बोटांना शाई, केस कसेतरी वर बांधलेले, कोटाचं एक बटण गायब. त्यांनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"कुठल्या शाळेवर आहात?" निवांनी विचारलं.

"शाळेवर नाही. मुलींच्या मासिकात चित्रकथा काढते."

"मग पळतं कोण?"

"कुणीच नाही. माझ्या गोष्टीत सगळे बसलेलेच असतात."

निवांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कागदात बांधून दिलं. अशा रीतीने मी इसोगाई तोमोए यांचा झालो. त्यांना सगळे बाईच म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

बसलेली माणसं मोजायला स्टॉपवॉच कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पुढे कळलं. बाई एक पान काढत, ते शेजारच्या मुलीला वाचायला देत आणि टेबलाखाली माझं बटण दाबत. ती मुलगी त्या पानावर किती वेळ रेंगाळते ते त्यांना हवं असे. इतरांच्या चित्रकथांत मारामाऱ्या, रडारड, पानभर डोळे. बाईंच्या पानावर एखादी किटली, तिची वाफ, आणि बाजूला हात मांडीवर ठेवून बसलेली एक मुलगी. मासिकाचे संपादक डोक्याला हात लावायचे.

"बाई, अहो ह्या पानावर काही घडतच नाही!"

"घडतंय की. ती बोलावं की नको ते ठरवतेय."

"मग लवकर ठरवायला सांगा तिला. पानं मोजकी आहेत माझ्याकडे."

बाई हसत, आणि पान तसंच छापून येई. मुलींची पत्रं पोत्याने येऊ लागली तेव्हा संपादकही गप्प झाले. एका मुलीने लिहिलं होतं, मी ते पान वाचताना श्वास घ्यायचा विसरले. बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं होतं, खरंच. एकट्या माणसाला कुणीतरी लागतं ना बोलायला!

अकरा वर्षांनी बाई सिनेमाकडे वळल्या. चित्रांचा सिनेमा, हाताने काढलेला. एका सेकंदाला चोवीस चौकटी. "कागदावर पान वाचणारा उलटतो," त्या म्हणाल्या, "पडद्यावर ते आपण उलटणार. म्हणजे पाप आपल्या डोक्यावर." नेरिमातच एका तोफूवाल्याच्या, म्हणजे सोयाबीनचं पनीर विकणाऱ्याच्या, दुकानाच्या माडीवर त्यांनी कामाची जागा घेतली. खालून सोयाबीन उकळल्याचा वास, वर पेन्सिलींची कुरकुर.

आता माझं खरं काम सुरू झालं. चित्रं काढायच्या आधी प्रत्येक शॉट किती सेकंदांचा ते ठरवावं लागतं, कारण तेवढीच चित्रं काढायची असतात. बाई मला डाव्या मुठीत घेत, डोळे मिटत आणि तो शॉट मनात चालवत. नुसत्या मनात नाही, अंगानेही. पात्र वाकणार असेल तर त्या वाकत, उठणार असेल तर उठत. पात्र थांबलं की त्याही थांबत. मनातलं संपलं की अंगठा पडे. मी जो आकडा दाखवी तो त्या स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉटच्या कच्च्या चित्रांच्या वहीच्या, कडेला लिहीत. तो आकडा म्हणजे त्या खोलीतला कायदा.

पहिला सिनेमा आला आणि बाईंचं नाव झालं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, त्यात मी त्यांच्या गळ्यात. निवा आजोबांनी तो कापून दुकानाच्या काचेला चिकटवला. शाळेची मुलं मला बघायला माडी चढून यायची. "इसोगाईबाईंसारखं थांबणं कुणालाच जमत नाही," असं लोक म्हणायचे आणि मला वाटायचं, त्यातला थोडा वाटा माझाही आहे. मित्रांनो, मी फुशारलो होतो. खोटं कशाला बोलू?

माझ्या दोरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तिथे तशी रीतच होती. दिग्दर्शकाचं घड्याळ दुसऱ्याने दाबायचं नाही, त्याला परक्या अंगठ्याची सवय लागते म्हणे. झाडलोट करणाऱ्या आजीसुद्धा मला उचलून टेबल पुसत नसत, माझ्याभोवती फडकं फिरवत. मान मोठा होता खरा. पण त्या मानापायी मला तपासायलाही कुणी धजावत नव्हतं.

निवा आजोबा दर भेटीत बजावायचे, "बाई, दोन वर्षांनी एकदा तेल घालायला आणत जा हो." बाईंनी सुरुवातीला नेमाने आणलं. मग सिनेमे वाढले, मुलाखती वाढल्या. "चालतंय ना? मग राहू दे," असं म्हणत म्हणत सात वर्षं गेली. तेल सुकून चिकट झालं. थंडीच्या सकाळी माझे सांधे आखडायचे. तरी मी नेटाने चालत होतो.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाईंच्या ॲप्रनचा खिसा फाटला. त्या रॉकेलच्या शेगडीशी हात शेकत होत्या आणि मी खिशातून सुटलो तो शेगडीच्या लोखंडी कडेवर आपटलो. खोलीतल्या दहा जणांच्या पेन्सिली एकदम थांबल्या. बाईंनी मला उचललं, कानाला लावलं.

"चालतंय," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी हुश्श केलं.

मी चालत होतो हो! पण आत काय झालं होतं ते मलाच ठाऊक. माझ्या स्प्रिंगला धरून ठेवणारा चिमटा सरकला होता. स्प्रिंग सैल पडली होती. बाहेरचे पाच सेकंद उलटून जात तेव्हा मी जेमतेम चारवर पोचलेला असे. दुपारी ऊब आली की जरा बरा, सकाळी फारच वाईट. आणि त्याच आठवड्यात बाईंनी नव्या सिनेमाचे शॉट मोजायला घेतले.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना! कसं सांगू? मला काटा आहे, तोंड नाही. आणि गंमत बघा, दुसरं कुठलंही घड्याळ चुकलं तर लोक ते दुसऱ्याशी ताडून बघतात. इथे बाकी सगळं माझ्याशी ताडलं जायचं!

सिनेमा होता एका नाववालीचा. नदीवर पूल होतो, शेवटच्या दिवशी ती नाव बांधते आणि घरी जाते, एवढीच गोष्ट. ह्या गोष्टीत थांबणंच सगळं होतं. बाई डोळे मिटून नाववालीला पाच सेकंद पाण्याकडे बघायला लावत, आणि मी म्हणे चार. त्या चार लिहीत. तेवढीच चित्रं निघत. दर शॉटगणिक मी त्या नाववालीचा एक एक सेकंद खात होतो. तब्बल नऊशे शॉट, मित्रांनो!

मला वाटलं, कुणीतरी पकडेल. तरुण चित्रकारांकडे तेव्हा नवी बॅटरीवरची स्टॉपवॉचं आली होती. मिनेगिशीबाई होत्या, चाळिशीच्या, बाईंच्या हाताखालच्या मुख्य चित्रकार, रेषा अशी की बाईही मान डोलवीत. त्या दिलेला प्रत्येक शॉट आपल्या घड्याळावर पुन्हा करून बघत. एकदा जेवणाच्या सुट्टीत, हातात भाताचे गोळे घेऊन, त्या जिन्यात बसून दुसऱ्या चित्रकर्तीशी बोलत होत्या. मी वर खुंटीवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"माझं साडेपाच येतं गं, बाईंचं साडेचार."

"माझंही तसंच. मला वाटलं मीच मठ्ठ."

"तीनदा केलं. तिन्हीदा साडेपाच."

"मग बाईंना विचार की."

"काय विचारू? बाई, तुमचं चुकलं का? तूच जा आणि विचार!"

"मी बाई नाही जात. मला घरी पोरं आहेत."

दोघी हसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ह्या हसत होत्या! मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? शेवटी मिनेगिशीबाई म्हणाल्या, "आपलाच अंगठा जड. बाईंचं मन पकडायला शिकायला हवं." आणि त्या खरोखर शिकल्या. त्या दिवसापासून त्या नाववालीला मनात भरभर चालवू लागल्या, त्यांच्या घड्याळावर साडेचार येईपर्यंत. आठवड्याभरात माडीवरची सगळी चांगली माणसं चुकायला शिकली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. बाईंचा मान ठेवत होती बिचारी.

सप्टेंबरच्या शेवटी अर्धाअधिक सिनेमा जोडून झाला. नव्या वर्षात तो थेटरांत लागायचा होता. फिल्म कापून जोडणारे ताकिमोतो बाईंबरोबर दहा वर्षं होते, तोंडाने फटकळ, मनाने हळवे. एका दुपारी पडदे ओढून त्यांनी तो दाखवला. मी बाईंच्या मुठीत. नाववाली पाण्याकडे बघते, कट्. दोर ओढते, कट्. आपल्या मुलाला काही सांगायला तोंड उघडते, कट्. जणू कुणी तिच्या मागे लागलंय. दिवे लागले.

"काय ताकिमोतोसान?" बाईंनी नावाला आदराचं 'सान' लावून विचारलं.

"चित्रं सुरेख आहेत."

"ते मी विचारलं नाही."

ताकिमोतोंनी मान खाजवली. "दम लागतो हो बाई बघताना. म्हणजे... वाईट नाही. हल्ली लोकांना वेगच आवडतो. नवी तऱ्हा म्हणून चालून जाईल."

"नवी तऱ्हा," बाई म्हणाल्या आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

तिथे त्यांनी मला टेबलावर ठेवलं. स्टोरीबोर्ड उघडला, एक शॉट निवडला, डोळे मिटले, बटण दाबलं. चार. पुन्हा. चार. पुन्हा. जरा कमीच. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू तरी खरं सांगतोस ना रे," त्या म्हणाल्या. "बाकीचे तोंडदेखलं बोलतात. मला घाई झालीय. छप्पन्नाव्या वर्षी मला थांबता येईनासं झालंय."

ओरडावंसं वाटलं मला! बाई, तुमचं मन जागच्या जागी आहे हो, मी पांगळा झालोय! पण माझी नुसती टिकटिक. आणि तीही हळू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्मात्यांना फोन करून सोमवारी भेटायची वेळ घेतली. ताकिमोतोंना आत बोलावून सांगितलं, सिनेमा दुसऱ्या कुणाला तरी पुरा करू दे, मी हात धुतले. पुन्हा दिग्दर्शन करणार नाही आणि चित्रकथाही काढणार नाही.

"बाई, वेड्यासारखं काय बोलता!"

"माझ्याकडे एकच गोष्ट होती, ताकिमोतोसान. ती गेली. नाव आहे तोवर उठावं माणसाने."

तो गुरुवार होता. शुक्रवार, शनिवार मी खुंटीवर लटकत काढले. माणसाला निदान झोप तरी लागते.

रविवारी आळीच्या मैदानी खेळांचा दिवस होता. दर ऑक्टोबरात शाळेच्या मैदानावर अख्खी आळी पळते, पोरंटोरं, आज्या, दुकानदार. त्या सकाळी खालच्या तोफूवाल्या कादोवाकींची बायको धापा टाकत माडीवर आली.

"बाई, शाळेचं घड्याळ नेमकं आज बंद पडलंय. तुमचं ते प्रसिद्ध घड्याळ घेऊन या ना! तुम्ही आलात तर मंडळीही खूश होतील."

"मला बरं नाही," बाई म्हणाल्या.

"बरं नसेल तर उन्हात बसा. आमचे हे पण पळणारेत. तो तमाशा चुकवू नका."

कादोवाकींच्या बायकोला नाही म्हणणं कुणाला जमलं नव्हतं. बाई गेल्या. त्यांना खुर्ची मिळाली, डोक्यावर कागदी टोपी मिळाली, आणि शंभर मीटरच्या शेवटाला मला घेऊन त्या उभ्या राहिल्या. मिनेगिशीबाई शेजारी वही घेऊन आकडे लिहायला. मागे कवायतीचे मास्तर, शिट्टी गळ्यात. मला तर घाम फुटायचा बाकी होता. अख्ख्या आळीसमोर!

सहावीची मुलं पळाली. पहिला आला साडेबारा सेकंदात. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "आज चांगलीच पळाली," ते म्हणाले. मग सहावीच्या मुली. त्यांनीही शाळेतले सगळे जुने आकडे मोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पन्नाशीच्या पुढच्या दुकानदारांची शर्यत लागली. तिच्यात गंमत म्हणून शेवटच्याचाच वेळ मोजत. कादोवाकी, वय अठ्ठावन्न, पोट तोफूच्या पिंपाएवढं, सगळ्यांत शेवटी, एका हाताने विजार धरून, रेषा ओलांडून चटईवर आडवे झाले. बाईंनी बटण दाबलं.

"पंधरा," मिनेगिशीबाईंनी वाचलं.

"पंधरा?" कादोवाकी पडल्या पडल्याच म्हणाले. "ऐकलंस का गं? पंधरा सेकंद! ऑलिंपिकला पाठव मला!"

"आधी उठून बसा," त्यांची बायको म्हणाली.

मैदान हसून लोटपोट झालं. बाईही हसल्या, आठवडाभरात पहिल्यांदा. हसले नाहीत ते एकटे मास्तर. ते पुढे आले, वहीत बघितलं, मग कादोवाकींच्या पोटाकडे बघितलं.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "माझा सहावीतला पहिला येणारा मुलगा रोज पंधराला पोचतो. आज म्हणे साडेबारा. आणि काकाही पंधरा. काका थोर आहेत, पण एवढे नाहीत. तुमचं घड्याळ हळू चालतंय."

त्यांना काय! ते सिनेमावाले नव्हते, बाईंच्या हाताखाली नव्हते. सरळ बोलून मोकळे झाले. मिनेगिशीबाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

बाईंचं हसू विरलं. त्यांनी मला पाहिलं, मग वळून मिनेगिशीबाईंना पाहिलं.

"मिनेगिशीसान, तुमचं घड्याळ आहे जवळ?"

त्यांनी ते खिशातून काढलं. दोघींनी एकदम बटणं दाबली, एकदम थांबवली. त्यांच्या घड्याळावर साठ. माझ्यावर पन्नास.

"बाई," मिनेगिशीबाई रडकुंडीला आल्या, "आम्हाला माहीत होतं. म्हणजे... माहीत नव्हतं. माझं नेहमी जास्त यायचं. मला वाटलं माझाच अंगठा..."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"आठ महिने! आठ महिने तुम्ही मला..." बाईंचा आवाज चिरकला. पहिल्यांदाच मी त्यांना लोकांत ओरडताना ऐकलं. "मी उद्या सगळं सोडायला निघाले होते! बोलला का नाहीत?"

मिनेगिशीबाईंनी डोळे पुसले नाहीत. "तुम्हाला कोण सांगणार, बाई?"

बाईंनी डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि खुर्चीवर बसून राहिल्या, पुढची शर्यत लागली तरी. मास्तरांनी मग मिनेगिशीबाईंचंच घड्याळ मागून घेतलं.

सोमवारी त्या निर्मात्यांकडे गेल्या, पण राजीनामा द्यायला नाही. सिनेमा मेपर्यंत पुढे ढकला, म्हणून मुदत मागायला. बरीच बोलणी खाल्ली, वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून आलं. घड्याळ बिघडलं होतं असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी माझं नाव काढलं नाही. "माझी चूक," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, ह्यापेक्षा भंगारात टाकलं असतं तरी परवडलं असतं.

तिथून त्या निवा आजोबांकडे आल्या. आजोबांनी माझं पोट उघडलं आणि चुकचुकले.

"तेल नाही, गोंद झालाय हा. आणि हा चिमटा बघा. बाई, म्हणाला होतात ना येईन म्हणून?"

"चुकलं माझं, आजोबा."

"मला काय सांगता? ह्याला सांगा."

धुऊनपुसून, चिमटा बसवून, चार दिवस मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून आजोबांनी मला परत दिलं. मी पुन्हा बरोबर चालत होतो. मला वाटलं, सुटलो. आता सगळं नीट होईल.

तसं झालं नाही. सरसकट पाचवा हिस्सा वाढवून भागणार नव्हतं, कारण मी सकाळी एक आणि दुपारी एक असा खोटा बोललो होतो. नऊशेच्या नऊशे शॉट पुन्हा मोजायला हवे होते. बाई बसल्या. मी मुठीत, आणि समोर मिनेगिशीबाई आपलं घड्याळ घेऊन. बाईंनीच तसं ठरवलं होतं. "दोघींचं जुळलं नाही तर बोलायचं," त्यांनी बजावलं. मिनेगिशीबाईंनी मान डोलवली, पण दोन्ही घड्याळं आता जुळतच होती, मग बोलणार काय? दिवसामागून दिवस गेले, त्या नुसते आकडे लिहीत राहिल्या.

आणि मला मात्र अंगठ्यातून काहीतरी वेगळंच कळत होतं. तो अंगठा घाबरला होता. आठ महिने खोटा आकडा बघून बाईंना स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. पूर्वी तो संथपणे पडायचा. आता थरथरायचा, आणि कुठे कुठे मनातलं संपायच्या आधीच पडायचा. मी बरोबर होतो, मिनेगिशीबाईंचं घड्याळ बरोबर होतं, आकडे जुळत होते, तरी चूक होत होती. आणि पुन्हा ती मला एकट्यालाच माहीत! देवा, मी म्हटलं, एकदा झालं ते पुरे नव्हतं का?

शेवटचा शॉट आला. नाववाली दोराची गाठ मारते, काठावरच्या पायरीवर बसते आणि नदीकडे बघते. संपलं. सिनेमा इथेच संपतो. हा चुकला तर सगळं पाण्यात.

बाई खुर्चीपुढे उभ्या राहिल्या. डोळे मिटले. अंगठा पडला, मी धावू लागलो. त्यांनी हवेतच गाठ मारली, आवळली. मग सावकाश खाली बसू लागल्या. चार, पाच, सहा. अंगठा थरथरला. नको, मी म्हटलं, बाई, नको. सात. खट्.

"सात," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "तुमचं?"

"सात," मिनेगिशीबाई म्हणाल्या.

"जुळलं. लिहा."

मिनेगिशीबाईंनी पेन्सिल उचलली. कागदावर टेकवली. आणि तशीच धरून ठेवली. मी आशा सोडून दिली होती.

"बाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की खालच्या तोफूच्या पिंपांचा खडखडाटच जास्त ऐकू येत होता. "चुकलं."

"काय चुकलं? दोन्हीकडे सात आहे!"

"घड्याळं बरोबर आहेत. तुम्ही चुकलात." मिनेगिशीबाईंचे कान लालबुंद झाले होते. "तुमची पाठ खुर्चीला टेकलीच नव्हती. ती अजून बसलीच नाही आणि तुम्ही सिनेमा संपवलात. भीती वाटली तुम्हाला, म्हणून दाबलंत."

बाई ताडकन उठल्या. आता मिनेगिशीबाईंची धडगत नाही, असं मला वाटलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मिनेगिशीबाईंनी मान खाली घातली नाही.

"भीतीच वाटली," बाई म्हणाल्या. "बरं झालं बोललीस. चल, पुन्हा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मिनेगिशीबाईंना अगं तुगं बोलल्या होत्या.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या. गाठ मारली. बसल्या. पाठ टेकली. मग त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि अंगठा माझ्यावर अलगद टेकलेला, जरासुद्धा न थरथरता. मी धावत होतो. सात गेले, आठ गेले. मला कसलीच घाई नव्हती.

"दहा," मिनेगिशीबाईंनी वाचलं, आणि बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

मित्रांनो, पुढे बाईंनीच मला मिनेगिशीबाईंच्या हाती दिलं. आता मी त्यांच्या टेबलावर असतो, त्या दर वर्षी मला तेल घालून आणतात. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं घड्याळ, शिलाई यंत्र नाहीतर वजनकाटा असेल. चालतंय ना, म्हणून त्याला विसरू नका, मधूनमधून उघडून बघा. आणि घरात, शाळेत असं एखादं मोठं माणूस असेल, ज्याचं चुकलं तर सांगायची कुणाची छाती होत नाही, तर त्याला मात्र आजच सांगा. आवाज बारीक निघाला तरी चालेल.